प्रश्न रचण्याचें शिक्षण

शालान्त परीक्षेपर्यंत पोंचणारा मुलगा हजारों प्रश्नांचीं उत्तरें लिहितो; परंतु स्वतः एखादा प्रश्न रचावा, असा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. प्रश्न काढणें हा परीक्षकाचा अधिकार व उत्तर देणें हा विद्यार्थ्याचा धर्म, ही वांटणी आपण मुकाट्यानें मान्य केली आहे. तिचें फळ प्रौढपणीं भोगावें लागतें.

अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स राज्यांत लॉरेन्स नांवाचें कापडगिरण्यांचें जुनें शहर आहे. तेथें १९९० च्या सुमारास, मुलांनीं शाळा मध्येंच सोडूं नये म्हणून कांहीं कार्यकर्ते झटत होते. पालक शाळेंत कां फिरकत नाहींत, ह्याचें कारण पालकांनींच सांगितलें : येऊन विचारावें काय, हेंच आम्हांस कळत नाहीं. तेव्हां त्यांना प्रश्नांची तयार यादी देण्यांत आली. पुढच्या वेळीं पालक नवी यादी मागावयास आले! त्यावरून डॅन रॉथस्टीन व लूझ सांताना ह्यांनीं ओळखलें कीं, प्रश्न देऊन भागत नाहीं, तो रचावयास शिकविला पाहिजे. त्यांची रीत पुढें शाळांच्या वर्गांत आली. २०११ सालीं 'मेक जस्ट वन चेंज' ह्या पुस्तकांत त्यांनीं ती मांडली.

ह्या रीतींत शिक्षक प्रश्न न घालतां एक विधान फळ्यावर लिहितो. लहान लहान गटांतील मुलांनीं त्यावर सुचतील तितके प्रश्न काढावे. मध्यें चर्चा, टीका वा उत्तर नको. प्रश्न जसा उच्चारला तसाच लिहावा. आणि कोणी विधान केलें तर त्याचा प्रश्न करावा.

इतिहासाच्या तासाला हें कसें चालेल, तें पाहूं. समजा, फळ्यावर लिहिलें : '१८७७ सालीं दख्खनेंत दुष्काळ असतां हिंदुस्थानांतून धान्य परदेशीं जात होतें.' एक मुलगा विचारील, तें कोणी पाठविलें? दुसरा, तेव्हां ज्वारीचा भाव काय होता? एखादी मुलगी उसळून म्हणेल, 'सरकार निर्दय होतें.' हें झालें विधान. तें मोडावयाचें नाहीं. त्याचा प्रश्न करावयास सांगावें. मग ती म्हणेल, 'सरकारनें निर्यात बंद केली होती कां?' ह्याचें उत्तर एका 'नाहीं'त संपतें. 'कां बंद केली नाहीं?' असें फिरवितांच मात्र खुल्या व्यापाराचें तत्त्व, आगगाडी, शेतकऱ्याची रिकामी गांठ, सारेंच पुढें येऊन उभें राहतें. तिच्या संतापाला आतां शोधावयास वाट मिळाली. शेवटीं प्रत्येक गटानें आपले महत्त्वाचे तीन प्रश्न निवडावे, व पुढील तास त्यांवर चालावा.

खरी परीक्षा शिक्षकाचीच. एका प्रश्नाला 'शाबास' म्हटलें कीं बाकीचीं मुलें तशाच प्रश्नाच्या शोधास लागतात, आणि मागच्या बाकावरचा वेडावांकडा प्रश्न ओठांतच राहतो. म्हणून स्तुतीहि वर्ज्य. ज्याचा जन्म बोलण्यांत गेला, त्याला हें मौन भारी जड जातें. वर्ग दोन मिनिटें गप्प बसला, तर नमुन्याचा प्रश्न सांगण्याचा मोह होतो. तसें केल्यास लॉरेन्सची ती यादीच पुन्हां हातीं दिल्यासारखें होईल. त्यापेक्षां फळ्यावरचें विधान सावकाश पुन्हां वाचावें, आणि थांबावें.