रात्रीची हिशोबपट्टी

दसरा-दिवाळीच्या सुमारास अहमदपूरचा मोंढा सोयाबीनने भरून जातो. माल काट्यावर चढतो, बोली लागते आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. पोती किती, वजन किती, भाव काय; त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा. शाळेचे तोंड न पाहिलेला म्हाताराही ती पट्टी नातवाकडून दोनदा वाचून घेतो. दोन किलोंची तफावत निघाली तरी परत काट्याजवळ जातो.

यात गैर काहीच नाही. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने कडक इशारा दिला आहे. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच त्या इशाऱ्याने होते. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना हात आखडणारे, अशी या लोकांची खूण तिथे सांगितली आहे. ही खूण फक्त दुकानदाराला लागू आहे, असे समजून आपण निर्धास्त होतो. पण घरात, नात्यात, नोकरीत आपले घेण्याचे माप आणि देण्याचे माप एकच आहे का?

हा प्रश्न स्वतःला विचारणे म्हणजेच मुहासबा, आत्मपरीक्षण. सूरह हश्रच्या १८ व्या आयतीत ईमानवाल्यांना आज्ञा आहे की प्रत्येकाने उद्यासाठी काय पाठवले आहे ते पाहावे. सूरह बनी इस्राईलच्या १४ व्या आयतीनुसार त्या दिवशी माणसाला त्याचे कर्मपत्र स्वतःलाच वाचायला सांगितले जाईल. हिशोब करायला तो स्वतःच पुरेसा असेल. हजरत उमर (रजि.) लोकांना बजावत की त्या दिवसाची वाट पाहत बसू नका, आजच स्वतःला तोलून पाहा.

इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथाचे ४० भाग आहेत. त्यातला ३८ वा भाग याच विषयावर आहे. तिथे त्यांनी दृष्टांत घेतला तो बाजाराचाच. व्यापारी भागीदाराला भांडवल देताना अट घालतो, दिवसभर नजर ठेवतो आणि संध्याकाळी हिशोब घेतो. आपला नफ्स हा तसाच भागीदार आणि आयुष्य हे भांडवल. सकाळी नफ्सला अट घालावी, दिवसा पहारा ठेवावा, रात्री नफा-तोटा पाहावा. मोंढ्यात वावरणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत समजायला अवघड नाही.

अडचण वेगळी आहे. मुहासबा करायला बसलो की आपण नमाज, रोजे, तिलावत एवढेच मोजतो. ते मोजलेच पाहिजे. पण सहीह मुस्लिममधली दिवाळखोराची हदीस आठवावी. प्रेषितांनी (स.) साथीदारांना विचारले, दिवाळखोर कोण? त्यांनी सांगितले, ज्याच्याजवळ पैसा नाही तो. प्रेषितांनी (स.) समजावले की खरा दिवाळखोर कयामतला नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेले असेल. त्याच्या नेक्या त्या हकदारांना वाटल्या जातील. नेक्या संपल्या की त्यांचे गुनाह याच्यावर टाकले जातील. जमा भरपूर होती. नावेची बाजू त्याने कधी पाहिलीच नव्हती.

आपल्या घरांतली नावेची बाजू पाहू या. सर्वांत मोठी रक्कम बहुतेक बहिणीची निघेल. वडील वारले की वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचे नाव चढते आणि हक्कसोडपत्रावर सही झाली की उतरते. भाऊ म्हणतो, तिने खुशीने दिले. ती खुशी तपासण्याचे माप सोपे आहे. समजा, ८ एकर जमीन आहे. मयताचे आईवडील आधीच गेलेले. मागे पत्नी, तीन मुलगे आणि एक मुलगी. कर्ज आणि वसीयत भागल्यावर सूरह निसाच्या ११ व्या व १२ व्या आयतींनुसार पत्नीला १ एकर, प्रत्येक मुलाला २ एकर आणि मुलीला १ एकर. तो १ एकर बांधावर उभे राहून बहिणीला दाखवला होता का? "हा तुझा, काय करायचे ते तू ठरव," असे सही घेण्याआधी कुणी म्हटले होते का? माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे खुशी नव्हे. दरवर्षी दिलेली ईदची साडी हे त्या एकराचे मोल नव्हे.

दुसरी रक्कम मेहरची. निकाहनाम्यावर लिहिलेला आकडा कित्येकांना नंतर आठवतही नाही. मग मय्यत उठण्याआधी बायकोला "माफ कर" म्हणायला सांगतात. सूरह निसाच्या ४ थ्या आयतीत मेहर आनंदाने देण्याचा हुकूम आहे. पत्नीने स्वखुशीने काही सोडले तर ती गोष्ट वेगळी. पण त्यासाठी ती आधी तिच्या हाती पडायला हवी.

तिसरी रक्कम पिकातली. सूरह अनआमच्या १४१ व्या आयतीत कापणीच्या दिवशी पिकाचा हक देण्यास सांगितले आहे. पावसावर आलेल्या पिकात दहावा हिस्सा, विहिरीच्या पाण्यावर काढलेल्या पिकात विसावा. म्हणजे २० क्विंटल सोयाबीनमागे २ किंवा १ क्विंटल. आपल्या जमिनीचा तपशील आलिमांकडून विचारून घ्यावा. मोंढ्यातली पट्टी खिशात घालताना ही वजावट आठवली पाहिजे.

चौथी रक्कम वेळेची. पगार पूर्ण महिन्याचा घ्यायचा आणि काम अर्धे करायचे, हेही तेच माप. आम्ही शिक्षक, कार्यालयातले कारकून, रोजाने जाणारे मजूर, सगळे त्यात आलो.

जनाजाच्या वेळी आपल्याकडे पुकारतात, मय्यतकडे कुणाचे देणे असेल तर वारसांना भेटावे. ही रीत चांगली आहे. कर्जदार मय्यतची जनाजाची नमाज पढवायला प्रेषित (स.) थांबले होते, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी देणे अंगावर घेतले तेव्हाच त्यांनी नमाज पढवली, अशी रिवायत बुखारीत आहे. पण ज्या बहिणीचे देणे आहे ती त्या पुकाऱ्याला ऐकायला मैदानात नसते, घरात रडत असते. म्हणून हे काम जिवंतपणीचेच आहे.

इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटे काढावीत. एक साधी वही घ्यावी. आज कुणाला बोललो, कुणाचे काय ठेवून घेतले, कुणाला काय द्यायचे राहिले, एवढेच लिहावे. अल्लाहने झाकलेले गुनाह लिहू नयेत, कुणाला सांगूही नयेत. त्यासाठी तौबा पुरेशी आहे. पण बंद्याचा हक तौबेने फिटत नाही, तो परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून मनापासून माफ करून घ्यावा लागतो. ज्या नावापुढे आकडा आहे त्याला या महिन्यातच फोन करावा. सगळे एकदम देता येणार नसेल तर तसे सांगावे, मुदत घ्यावी आणि मुलांच्या देखत लिहून ठेवावे. आपल्यामागे ती वही त्यांच्याच हाती पडणार आहे.

अल्लाह आपल्याला देण्याचे माप घेण्याच्या मापाइतकेच भरण्याची तौफीक देवो. आमीन.