एक तारीख विसरली, त्याची गोष्ट

६ डिसेंबर २०१८ रोजी सकाळी ब्रिटनमधील लक्षावधी लोकांच्या मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी बंद पडले. ओ-टू कंपनीच्या जाळ्यावर तेव्हा तीन कोटींहून अधिक ग्राहक अवलंबून होते. पुढची बस केव्हा येणार हे सांगणारे लंडनच्या बसथांब्यांवरील फलकही मुके झाले. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँक कंपनीची सेवा चार तासांहून अधिक काळ खंडित झाली. असे झाले तरी काय होते? ना वादळ, ना तुटलेली तार, ना शत्रूचा हल्ला! दोन्ही कंपन्यांना यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एरिक्सन या स्वीडिश कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती.

हे प्रमाणपत्र म्हणजे काय? आपले महाविद्यालयाचे ओळखपत्र आठवून पाहा. त्यावर आपले नाव असते, प्राचार्यांची सही असते आणि मुदतही असते. संगणकांचेही तसेच आहे. दोन संगणक एकमेकांना प्रत्यक्ष ओळखत नाहीत. म्हणून विश्वासू संस्थेने सही केलेले प्रमाणपत्र एकाने दाखवायचे व दुसऱ्याने तपासायचे. सही खरी, नाव बरोबर आणि मुदत शिल्लक असेल तरच पुढचा संवाद. मुदत एका क्षणाने जरी उलटली, तरी संगणक भिडेला बळी पडत नाही. तो दार लावून घेतो.

मग मुदत ठेवावीच कशाला, असे कोणी विचारील. प्रमाणपत्राबरोबर एक गुप्त किल्ली असते. ती चोरीला जाऊ शकते, संस्थेची मालकी बदलू शकते. जुने प्रमाणपत्र आपोआप निकामी झाले नाही, तर तोतयाला ते कायम वापरता येईल. म्हणजे मुदत हा दोष नव्हे, ते संरक्षणच आहे. दोष आहे तो विसरण्यात.

या विसराळूपणाची किंमत कधी कधी फार मोठी असते. अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीकडे जाळ्यावरील संशयास्पद हालचाली टिपणारे यंत्र होते. पण त्याचे प्रमाणपत्र कित्येक महिने आधीच संपल्यामुळे ते आंधळे झाले होते. २०१७ च्या जुलैअखेर नवे प्रमाणपत्र बसवताच चोरी उघडकीस आली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली होती. सेवा बंद पडली की निदान ओरड तरी होते. येथे सारे शांत होते, हेच अधिक भयंकर.

संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस करावी, असे या क्षेत्रातील संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवले. इतक्या वेळा नूतनीकरण हाताने होणे कठीण; ते यंत्राकडेच सोपवावे लागेल. परंतु ते यंत्र चालू आहे की नाही, हे कोणी पाहायचे?

मित्रहो, खरा प्रश्न येथेच आहे. तारीख प्रमाणपत्रावर स्पष्ट छापलेली असते; ती गुप्त नसते. घरात सुगरणी अनेक, पण मीठ घालण्याच्या बाबतीत प्रत्येक जण दुसरीवर विसंबलेली, अशातला हा प्रकार! जे काम सर्वांचे, ते कोणाचेच नाही. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्रापुढे तारखेइतकेच ठळकपणे एका जबाबदार माणसाचे नावही लिहिलेले असले पाहिजे.