बैठे काम आणि चिवट कंबरदुखी : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

कंबरदुखी हा कष्टकऱ्यांचा विकार होय, असा एक रूढ समज आहे. गोंदिया जिल्ह्यापुरता विचार केला तर या समजाला आधारही सहज सापडतो. पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या स्त्रिया आणि भातगिरण्यांतून पोती वाहणारे हमाल यांची कंबर दुखली तर कोणालाच नवल वाटत नाही. परंतु ज्याला कागदाहून जड असे काही उचलावे लागत नाही, असा कचेरीतील लेखनिकही जेव्हा सायंकाळी कमरेला हात लावून उठतो, तेव्हा ‘नुसते बसून काय दुखणार?’ असा प्रश्न घरातूनच विचारला जातो. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर कोणते आणि त्यावरून उपायाची दिशा कशी ठरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बैठ्या कामाचे दुखणे आजचे नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी याने कामगारांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या विकारांचाही परामर्श घेतला आणि त्यांची तीन कारणे सांगितली : सततची बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. यांतील पहिली दोन कारणे पुढे पुष्कळ चर्चिली गेली. तिसरे मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. त्याचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

प्रथम शरीररचनेचा विचार करू गेल्यास असे दिसते की, कमरेच्या भागात पाच मणके असून त्यांच्यामध्ये लवचीक चकत्या असतात. व्यवहारात त्यांना ‘गादी’ म्हणतात. प्रौढ माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण लगतच्या मणक्यांतून पाझरणाऱ्या द्रवावर अवलंबून असते, आणि शरीराच्या हालचालीने भार कमीजास्त होत राहिला की द्रवाची ही देवघेव सुकर होते. खुर्चीत माणूस सैलावून बसला म्हणजे कटिभाग मागे कलतो, कमरेची नैसर्गिक आतली वक्रता सपाट होते आणि मागील बाजूचे स्नायू व स्नायुबंध एकाच ताणाखाली राहतात. पाच मिनिटे असे बसणे निरुपद्रवी असते. तीन तास न हलता बसणे मात्र कमरेला जाचक ठरू शकते.

मग बसणे हेच मुळात घातक मानावे काय? १९६० च्या दशकात स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी गादीतील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा बसलेल्या अवस्थेत तो अधिक आढळला. या मोजमापांवर ‘योग्य बैठकी’चे पुष्कळसे नियम उभारले गेले. परंतु १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे एका निरोगी व्यक्तीवर केलेल्या मोजणीत सैलावून बसल्यावरचा दाब उभ्या अवस्थेपेक्षा अधिक आढळला नाही. केवळ बैठकीचे तास मोजून कंबरदुखीचे कारण सिद्ध करण्याचे प्रयत्नही निर्णायक ठरलेले नाहीत. तात्पर्य, सर्वांना सर्वकाळ हितकर अशी एकच आदर्श बैठक दाखवून देता येत नाही. दोष बसण्यापेक्षा न उठण्यात अधिक आहे.

दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले म्हणजे ते दीर्घकालीन मानले जाते. अशा बहुसंख्य रुग्णांत वेदनेचे एकच निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. येथे चित्रतपासणीचा एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासानुसार, कोणतीही वेदना नसलेल्या लोकांपैकीही विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतील सुमारे ९६ टक्के लोकांच्या चित्रांत गादीची झीज दिसते. ‘गादी झिजली आहे’ हे वाक्य पुष्कळदा केस पिकल्याची नोंद करण्याइतकेच अर्थपूर्ण असते. परंतु ते ऐकून घाबरलेला माणूस वाकणे सोडतो, चालणे कमी करतो, आणि स्नायू दुर्बल झाल्याने वेदना खरोखरच वाढते. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली मांडलेल्या विचाराचे सार हेच आहे : चिवट कंबरदुखीत शरीर, मन आणि परिस्थिती ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. भीती, झोपेचा अभाव आणि कामाचा ताण यांनी वेदना काल्पनिक ठरत नाही, तर अधिक तीव्र होते. रामाझिनीचे तिसरे कारण अशा रीतीने पुन्हा चर्चेत आले.

तथापि काही लक्षणांकडे दुर्लक्ष करणे घातक होय. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या आतील भागात बधिरता येणे किंवा पायातील शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. ताप, वजनातील अकारण घट, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांची तपासणीही विनाविलंब व्हावी. मणक्याचा क्षय हा रोग भारतात अद्याप आढळतो, हे विसरून चालणार नाही. गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने अशा रुग्णाला जिल्ह्यातच तपासणी करून घेता येते.

ही लक्षणे नसतील तर उपायाचे सूत्र सरळ आहे. उसण भरली की अंथरूण धरावे, हा जुना उपदेश प्रयोगाला उतरलेला नाही. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात ताज्या दुखण्यात दोन दिवस झोपून राहणाऱ्यांपेक्षा, सोसवेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांचा समावेश होता. क्रमाने वाढत जाणाऱ्या चालण्याचे मार्गदर्शन मिळालेल्यांत दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले; इतरांत ११२. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम, रुग्णशिक्षण, मालिश आणि मानसोपचार यांचा पुरस्कार आहे. कमरपट्टा, वजने लावून ताण देणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्य वापर मात्र नापसंत केला आहे. कठीण फळीवर झोपण्याचा आग्रहही सोडावा लागतो. स्पेनमधील २००३ च्या प्रयोगात फार कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादी अधिक सुखावह ठरली.

परंतु ‘उठा आणि चाला’ हा उपदेश पाळण्यास उठण्याची मुभा असावी लागते, आणि खरा प्रश्न येथेच आहे. पूर्वीच्या दुकानातील मुनीम गादीवर बसे. पण मांडी बदलणे, गुडघा उभा करणे, तक्क्याला टेकणे या हालचाली त्याला सहज करता येत. कचेरीतील लेखनिकाला एका नोंदीसाठी दप्तराच्या कपाटापर्यंत जावे लागे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरच्या काळात आठही तालुक्यांच्या कचेऱ्यांतील सातबारा आणि धान खरेदीच्या नोंदी संगणकावर आल्या. कामाची गती वाढली. परंतु कपाटापर्यंतची ती दहा पावले नाहीशी झाली. विडी वळणाऱ्या स्त्रीची स्थिती याहून बिकट आहे. सूप मांडीवर घेऊन ती तासन्‌तास वाकून बसते, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने प्रत्येक वेळचे उठणे तिच्या कमाईतून वजा होते.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमाने, उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारास विसाव्यासाठी बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. उभ्या माणसाला बसू द्यावे, हे त्या काळी कायद्याला उमगले होते. बसलेल्या माणसाला उठू द्यावे, हे अद्याप पुरते उमगलेले नाही. पाऊल जमिनीवर टेकेल अशी खुर्ची आणि नजरेच्या पातळीवरचा पडदा यांचा उपयोग आहेच. परंतु अर्ध्या तासाने दोन मिनिटे उभे राहणाऱ्याकडे कामचुकार म्हणून पाहिले जाणार नाही, अशी कामाची रीत त्याहून अधिक मोलाची आहे. चिवट कंबरदुखीचा उपाय काही अंशी रुग्णाच्या हाती असतो आणि काही अंशी त्याच्या कामाची वाटणी करणाराच्या हाती. या दुसऱ्या अंशाची मोजदाद अधिक काटेकोरपणे होणे अगत्याचे आहे.