तिकडे पैसे देऊन काळं होतात, इकडे पैसे देऊन गोरं: टॅनिंगचा हा घोळ नेमका काय आहे?

लग्नसराई सुरू झाली की बारामती असो की इंदापूर, पार्लरच्या बोर्डवर एक शब्द हमखास दिसतो : ‘डी-टॅन’. उन्हाने रापलेला चेहरा तासाभरात उजळ करून मिळेल, असा त्याचा अर्थ. नवरी जाते, करवली जाते, हल्ली नवरदेवही जातो.

आता गंमत बघा. युरोप-अमेरिकेत लोक नेमकं उलटं करायला पैसे मोजतात. तिथे टॅनिंग सलून असतात. माणूस काचेच्या पेटीसारख्या यंत्रात आडवा होतो, वरखाली अल्ट्राव्हायोलेट दिवे लागतात आणि काही बैठकांत कातडी तांबूस होते. याला म्हणतात इनडोअर टॅनिंग आणि त्या यंत्राला सनबेड.

दोन्हीकडे गडबड एकच आहे. टॅन म्हणजे रंग नाही, टॅन म्हणजे कातडीने केलेला बचाव.

ते कसं? उन्हातली अल्ट्राव्हायोलेट किरणं कातडीच्या पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. इजा झाली की कातडी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त बनवते आणि पेशींवर छत्रीसारखं पसरवते. म्हणजे तुम्ही काळवंडलात याचा अर्थ इजा होऊन गेली आणि शरीर आता छत्री उघडतंय. बरं, ही छत्रीही फाटकीच. टॅनने मिळणारं संरक्षण फार तर 3-4 एसपीएफ इतकं.

सनबेडमध्ये ही इजा विकत घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 साली या यंत्रांना कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहेत. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी ही यंत्रं वापरायला बंदी घातली. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या पोरापोरींना तिथे कुणी सांगतं, हिवाळ्यात व्हिटॅमिन डीसाठी सनबेड घे. ते ऐकू नका. व्हिटॅमिन डी बनतं यूव्हीबी किरणांनी आणि सनबेड टाकतो मुख्यतः यूव्हीए.

मग अशा दिव्यांचं आपल्याकडे काहीच नाही का? आहे, पण दवाखान्यात. कोड किंवा सोरायसिस असेल तर त्वचारोगतज्ज्ञ फोटोथेरपी देतात. पेशंटला दिव्यांच्या कपाटात उभं करतात, डोळ्यांवर गॉगल असतो, किरणांचा ठरावीक पट्टा आणि मोजून दिलेला डोस. हे औषध आहे, टॅनिंग नाही. त्यामुळे सनबेड वाईट म्हणून कुणी आपले उपचार मधेच सोडू नयेत.

आता आपल्या डी-टॅनकडे येऊ. स्क्रबने वरचा मृत थर निघतो. ब्लीचने चेहऱ्यावरची बारीक लव फिकी होते आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. खालचं मेलॅनिन मात्र जागेवरच असतं. ऊन टाळलं तर टॅन महिना-दीड महिन्यात आपोआप उतरतो, कारण कातडीच नवी येते. पार्लरमधून बाहेर पडून भर उन्हात गाडीवर घरी गेलात, तर पैसे वाया आणि घासलेली कातडी आणखी नाजूक.

इथपर्यंत नुकसान खिशाचं. खरा धोका सुरू होतो ‘आठ दिवसांत फरक’ म्हणणाऱ्या बिननावाच्या क्रीमपासून.

अकोल्याची घटना बातम्यांत आली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघी एकच गोरं करणारी क्रीम लावत होत्या. क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेली. चेहरे उजळले, लोकांनी कौतुक केलं आणि मग तिघींच्याही किडन्यांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला, तो क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत.

पारा मेलॅनिन बनवणारं एन्झाइम बंद पाडतो, म्हणून रंग झटपट उतरतो. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. लघवीला फेस येणं, पाय आणि डोळ्यांभोवती सूज येणं या त्याच्या खुणा. भारताच्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालताच येत नाही, नकळत आलेलाही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल लिहिलेलं दिसलं तर ती ठेवून द्या. घटकांची यादीच नसेल, तरीही.

दुसरा चोर म्हणजे स्टेरॉइड. नायट्यासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब चेहऱ्यावर लावली की पहिले काही दिवस चेहरा चकचकीत दिसतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं असतात. नंतर कातडी पातळ होते, मुरुमं येतात, उन्हात गेलं की चेहरा लालबुंद होतो, आणि ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट उसळतं. मग लोक घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतात. हे चक्र स्वतःहून तोडायला जाऊ नका, त्वचारोगतज्ज्ञाला ट्यूब दाखवा.

आणखी एक. प्रत्येक काळा डाग टॅन नसतो. गालांवर आणि कपाळावर तपकिरी पट्टे असतील तर ते वांग असू शकतं, ब्लीचने ते चिघळतं. बांधावरच्या गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीनेही चेहरा, मान आणि हातांचा उघडा भाग खाजून काळा पडतो. पुणे जिल्ह्याला हे गवत काही नवं नाही, देशात त्याची पहिली नोंदच पुण्यातली. खाज असेल तर आधी दवाखाना, पार्लर नंतर.

आणि उन्हापासून वाचायचं कसं, हे इंदापूरच्या उसाच्या फडात बघावं. तिथल्या बाया साडीवर पुरुषी फुल शर्ट घालतात, डोक्या-तोंडाला स्कार्फ बांधतात. जाड सुती कापड घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. महागड्या सनस्क्रीनला हे जमत नाही. बेलवाडीच्या रिंगणाला जाणाऱ्यांनीही आभाळ भरलंय म्हणून टोपी घरी ठेवू नये, ढगांतूनही बरीच किरणं खाली येतात. कापडाने झाकता येत नाही तेवढ्या चेहऱ्याला 30 एसपीएफचं सनस्क्रीन लावा, बिल घेऊन, डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता आणि बॅच नंबर बघून.