चीक आणि कुत्र्याची प्रतिकारशक्ती

व्यालेल्या मादीच्या सडांतून पहिल्या दिवशी जे दाट, पिवळसर दूध स्रवते त्याला चीक म्हणतात. गाई-म्हशींच्या चिकाची ओळख भारतात बहुधा स्वयंपाकघरातच होते. महाराष्ट्रात त्याचा खरवस करतात. कर्नाटकातील गिण्णु, आंध्र प्रदेशातील जुन्नु आणि गुजरातेतील बळी हे त्याचेच भाईबंद होत. अलीकडे गाईच्या चिकाची भुकटी कुत्र्यांसाठीही विकली जाते. तिने कुत्र्याचे पोट सुधारते आणि त्याची रोगप्रतिकारशक्ती वाढते, असे विक्रेते सांगतात. या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहावयाचे तर चीक मुळात कोणासाठी असतो आणि तो काय कार्य करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे ही विशिष्ट प्रकारची प्रथिने होत. मानवी गर्भाला ती जन्मापूर्वीच वारेतून, मातेच्या रक्ताद्वारे मिळतात. गाईच्या वारेची रचना निराळी असल्यामुळे वासरू जवळजवळ प्रतिपिंडांवाचूनच जन्माला येते. कुत्री या दोहोंच्या मध्ये आहे; परंतु तिचे पिल्लू वासराला अधिक जवळचे. त्याला मातेकडून लाभणाऱ्या प्रतिपिंडांपैकी शेकडा ५ ते १० एवढीच वारेतून येतात. उरलेली सर्व चिकातून यावी लागतात.

चिकातील ही संपत्ती पिल्लाच्या रक्तात कशी पोहोचते? एरवी पोटात गेलेले प्रथिन पचते, त्याचे तुकडे होतात आणि त्याचे मूळचे गुण नाहीसे होतात. नवजात पिल्लाचे आतडे मात्र प्रतिपिंडे न मोडता, अखंड अवस्थेत शोषून घेऊ शकते. ही सोय अतिशय अल्पकाळाची असते. जन्मानंतर काही तासांतच शोषण मंदावू लागते आणि एक दिवस उलटेपर्यंत ते जवळजवळ थांबते. त्यानंतर पिल्लाने कितीही चीक प्याला तरी त्यातील प्रतिपिंडे आतड्यातच राहतात, रक्तात जात नाहीत. येथे तासांचा हिशेब आहे, दिवसांचा नव्हे. आणि पिल्लू गारठले असेल तर त्याला चोखण्याचीही शक्ती उरत नाही, म्हणून पहिल्या दिवशी उबेचे महत्त्व चिकाइतकेच आहे.

मातेच्या दुधातून प्रतिकारक्षमता मिळते हे पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवून दिले. त्याचा प्रयोग मोठा चातुर्याचा होता. एरंड आणि गुंज यांच्या बियांतील विषे थोड्याथोड्या मात्रेने देऊन त्याने काही उंदरिणींना त्या विषांची सवय लावली आणि मग त्यांची पिल्ले साध्या उंदरिणींच्या पिल्लांशी बदलली. साध्या मातेची पिल्ले विषाला पुरून उरणाऱ्या दाईच्या दुधावर वाढली, तेव्हा त्यांनाही संरक्षण लाभले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी वासरांवर प्रयोग केले. चीक न मिळालेल्या वासरांपैकी बहुतेक आतड्यातील सामान्य जंतू शरीरभर पसरून दगावली. कुत्र्यांविषयीचा पुरावा त्या मानाने पुष्कळ उशिरा आला. फ्रान्समधील तुलूझ येथील पशुवैद्यक संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जन्मानंतर दोन दिवसांनी रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण फारच कमी असलेल्या पिल्लांपैकी शेकडा ४४ पिल्ले दगावली. इतर पिल्लांत हेच प्रमाण शेकडा ५ च्या आसपास होते.

मग आई नसलेल्या पिल्लाला गाईचा चीक पाजला तर? उत्तर निराशाजनक आहे. प्रतिपिंडे ही ज्या रोगाला शरीराने तोंड दिलेले असते किंवा ज्याची लस घेतलेली असते, त्याच रोगाविरुद्ध तयार होतात. गाईला डिस्टेंपर किंवा कुत्र्यांचा पार्व्हो यांच्याशी काही कर्तव्य नसते. त्यामुळे तिच्या चिकात त्या रोगांवरचे हत्यार नसते. अशा पिल्लासाठी त्याच सुमारास व्यालेली, लसी घेतलेली दुसरी कुत्री मिळाली तर ते सर्वोत्तम. ती न मिळाल्यास पशुवैद्य निरोगी, लसी घेतलेल्या प्रौढ कुत्र्याच्या रक्तातील रक्तजल पहिल्या काही तासांत तोंडावाटे, किंवा त्यानंतर कातडीखाली टोचून देऊ शकतात. गाईच्या चिकाने अशा पिल्लाचे पोषण होईल, पण त्याला रोगांपासून कवच मिळाले असे समजून गाफील राहणे घातक ठरेल.

मातेचे हे देणे एका परीने अडचणीचेही असते. पिल्लाच्या रक्तात तिची प्रतिपिंडे आहेत तोवर ती लशीलाही निष्प्रभ करतात. काही आठवड्यांनी ती रोग रोखण्यास अपुरी पडू लागतात, तरी लस हाणून पाडण्याइतकी शिल्लक असतात. १९७८ मध्ये पार्व्हो हा नवा रोग प्रकट होऊन जगभर पसरला, तेव्हा या मधल्या काळातील पिल्ले मोठ्या संख्येने बळी पडली. पिल्लाला लस एकदाच न देता काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा का देतात आणि शेवटची मात्रा १६ आठवड्यांच्या वयानंतर का असावी लागते, याचे कारण हेच.

आता भुकटीकडे वळू. मोठ्या कुत्र्याच्या आतड्याची शोषणाची वाट केव्हाच बंद झालेली असते, हे लक्षात घेता भुकटीचा जो काही उपयोग असेल तो आतड्याच्या पोकळीत आणि त्याच्या अस्तरावरच झाला पाहिजे. तो अशक्य नाही. गाईच्या चिकात दर लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रतिपिंडे असतात. साध्या दुधात ती १ ग्रॅमच्याही आत असतात. त्यांतील काही भाग पचनातून टिकून राहतो. शिवाय लॅक्टोफेरिन हे जंतूंना लोह मिळू न देणारे प्रथिन आणि आतड्याच्या अस्तराची वाढ घडविणारे काही घटकही चिकात असतात. नुकत्याच अंगावरून तोडलेल्या पिल्लांचा मल चिकामुळे अधिक बांधून होतो, असे २००४ मधील एका प्रयोगात आढळले. २०१३ मध्ये २४ प्रौढ कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना ४० आठवडे चिकाची अल्प मात्रा मिसळलेले खाद्य देण्यात आले. डिस्टेंपरच्या लशीला त्यांच्या शरीराने इतरांपेक्षा अधिक प्रतिसाद दिला आणि त्यांच्या मलातील आयजीए या प्रतिपिंडाचे प्रमाणही वाढले. हे निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तथापि हे दोन्ही प्रयोग प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या कंपन्यांच्या संशोधकांनी केलेले होते, कुत्र्यांची संख्या थोडी होती, आणि मोजली गेली ती रक्त-मलातील लक्षणे. कुत्रे कमी आजारी पडले किंवा अधिक जगले, असे त्यांतून सिद्ध झालेले नाही. संधिवात, त्वचारोग, कर्करोग अशा लांबलचक याद्या भुकटीच्या डब्यावर दिसल्या तर त्या छापणाऱ्याच्या उत्साहाच्या निदर्शक समजाव्यात. ज्या कुत्र्याला दुधाची किंवा गोमांसाची ॲलर्जी आहे त्याला तर ही भुकटी न दिलेलीच बरी. रक्ती हगवण, सततची उलटी यांवर ती देत बसून पशुवैद्याकडे जाण्यास उशीर करणे हा तिचा सर्वांत मोठा धोका होय.

गोठ्यातला कच्चा चीक कुत्र्याला घालणे हाही मार्ग नव्हे, कारण क्षय आणि सांसर्गिक गर्भपात यांचे जंतू न तापविलेल्या दुधातून पसरतात. उलट चीक फार तापविला तर प्रतिपिंडे गोठून निकामी होतात. म्हणून दुग्धशाळांत तो ६० अंश सेल्सिअसला तासभर धरून जंतूंचा नाश करतात. खरवसाची वडी उकडूनच घट्ट होते. ती पौष्टिक असली तरी तिच्यात प्रतिपिंडांचे कार्य उरलेले नसते. आणि गाईच्या चिकावर पहिला हक्क वासराचा आहे. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याला आपल्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा चीक मिळावा लागतो. त्याचे पोट भरल्यावर जो उरेल तेवढाच खरवसासाठी किंवा भुकटीसाठी काढता येतो.