खेळ पडद्यावर, दुखणे खांद्यात

एका रविवारी सकाळी एकोणतीस वर्षांचा एक निरोगी तरुण डॉक्टर उजव्या खांद्यातील तीव्र वेदनेने जागा झाला. कोठे पडल्याचे वा मार लागल्याचे त्यास आठवत नव्हते, आणि व्यायामाशी तर अलीकडे त्याचा संबंधच आला नव्हता. तज्ज्ञाने तपासले तेव्हा फऱ्याच्या मागील बाजूच्या एका स्नायूच्या कंडरेस दाह झाल्याचे आढळले. अधिक विचारपूस करता उलगडा झाला. गृहस्थ कित्येक तास टेनिस खेळले होते; मात्र मैदानावर नव्हे, घरात, दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर! हूलियो बोनिस या स्पॅनिश डॉक्टरांनी २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध केली.

हे टेनिस ‘वी’ नावाच्या यंत्रावरचे. निन्टेंडो या जपानी कंपनीने ते २००६ साली बाजारात आणले. तोवर असले खेळ बहुधा अंगठ्यानेच खेळले जात, आणि दुखेही अंगठाच. सलग पाच तास खेळून अंगठा धरलेल्या एका स्त्रीची नोंद याच नियतकालिकात १९९० साली आलेली आहे. ‘वी’च्या हातातील दांडीत मात्र गतीतील बदल ओळखणारा त्वरणमापक बसविलेला होता. हात फिरला की पडद्यावरील खेळाडूची रॅकेट फिरे. वस्तुतः मनगटाच्या एका झटक्यानेही काम भागत असे. पण खेळाचा रंग चढल्यावर मनगटावर कोण थांबतो?

दांडीचे वजन बॅटऱ्यांसह दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा भाराने खांदा कसा दुखावा? याचे उत्तर भारात नाही, हात थांबविण्यात आहे. खऱ्या टेनिसमध्ये हाताच्या वेगाचा काही भाग चेंडू घेऊन जातो. येथे चेंडूच नाही. फेकलेला हात सर्वस्वी स्नायूंनीच आवरावयाचा. हे काम मुख्यतः खांद्याच्या मागील स्नायूंकडे येते. ते ताठरून हातास मागे ओढत असतात आणि त्याच वेळी हाताच्या ओढीने लांबतही असतात. असे ताणाखाली लांबणे हेच स्नायुतंतूंना सर्वांत जाचक. गड चढताना धाप लागते, परंतु दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या प्रामुख्याने उतरल्यामुळे. कारण उतरताना मांडीचे स्नायू असेच लांबत लांबत शरीराचा भार तोलतात.

अशा वेळी आपण ‘अंग आंबले’ म्हणतो. शब्द मोठा सूचक आहे, कारण स्नायूंत साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे ही वेदना होते असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. परंतु ते आम्ल श्रम थांबल्यावर तास-दोन तासांत निवळते, आणि ठणका तर दुसऱ्या दिवशी सुरू होतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच स्नायूंत सूक्ष्म फाटाफूट होत असावी असे अनुमान काढले होते. आजचे संशोधन बव्हंशी त्याच दिशेने जाते: तंतूंना बारीक इजा होते, मग दाह होतो, आणि वेदना एक ते तीन दिवसांत शिगेस पोहोचते.

हा विलंबच खेळणाऱ्यास फसवितो. खेळताना काही दुखत नाही. मैदानावर दम आणि ताकद संपली की खेळ आपोआप थांबतो. घरात तो लगाम नाही. मध्ये विश्रांती घ्यावी अशी सूचना ‘वी’ पडद्यावर देत असे, पण रंगात आलेल्या खेळाडूवर तिचा परिणाम तो काय होणार! तालमीतला जाणता वस्ताद नव्या पोरास पहिल्या दिवशी थोड्याच बैठका काढावयास लावतो, त्यामागे शास्त्र आहे. एकदा थोडा ताण सोसलेला स्नायू पुढे काही आठवडे तशाच ताणाने कमी दुखावतो. ‘वी’ मागे पडले. आज डोळ्यांवर यंत्र चढवून हवेत हात फिरविणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

नुसता स्नायू आंबला असेल तर दुखणे पसरट असते, हलक्या हालचालीने सैल होते आणि चार-सहा दिवसांत जाते. वेदना एकाच ठिकाणी टोचत असेल, सूज दिसत असेल, हात वर उचलवत नसेल किंवा आठवडा उलटूनही उतार नसेल, तर कंडरेस इजा झाल्याचा संशय घेऊन डॉक्टरांकडे जावे. मोठ्या श्रमानंतर लघवी काळपट होऊ लागली तर एक दिवसही थांबू नये. स्नायू मोठ्या प्रमाणावर विरघळत असल्याचे ते चिन्ह असू शकते आणि त्याने मूत्रपिंडे धोक्यात येतात.

त्या तरुण डॉक्टरास आठवडाभर आयबुप्रोफेन देण्यात आले आणि ‘वी’ संपूर्ण वर्ज्य करण्यास सांगण्यात आले. तो पूर्ण बरा झाला.