गाव इकडे, शिवार तिकडे

रद्दीच्या दुकानात मला दोन जुने नकाशासंग्रह मिळाले. एक दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा, एक नंतरचा. ईशान्य इटलीच्या पानावर गोरीत्सिया हे नाव दोन्हींत होते. पण पहिल्यात तो आल्प्सच्या डोंगरांत शिरलेला मुलूख होता आणि दुसऱ्यात नखाएवढा तुकडा. शहर मात्र जागचे हललेले नव्हते. या कोड्यापायी मी शब्दकोश हाताशी धरून इटालियन वाचू लागलो.

इटलीच्या ‘प्रोविंचा’ला आपण प्रांत म्हणतो, ते दिशाभूल करणारे आहे. कारभाराच्या दृष्टीने ती आपल्या जिल्ह्याला जवळची. गोरीत्सिया आज आपल्या बहुतेक तालुक्यांहूनही लहान आहे, जेमतेम 470 चौरस किलोमीटर. उत्तरेला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, आग्नेयेला कार्सो हे चुनखडीचे पठार (शाळेत पाठ केलेला ‘कार्स्ट’ हा शब्द इथलाच), आणि स्लोव्हेनियात उगम पावून मोन्फाल्कोनेजवळ समुद्राला मिळणारी इसोन्झो नदी.

गावाचे नाव 1001 सालच्या सनदेत येते. ते मुळात स्लाव्ह आहे. गोरित्सा म्हणजे टेकाड. सन 1500 मध्ये इथल्या सरदारांचा वंश खुंटला आणि मुलूख हॅब्सबर्गांकडे गेला. पहिल्या महायुद्धात याच नदीकाठी बारा लढाया झाल्या आणि शेवटी तो इटलीला मिळाला. इथे स्लोव्हेन वस्ती मोठी. म्हणून 1923 मध्ये प्रोविंचाच मोडून उदिनेत मिसळली गेली, म्हणजे मोठ्या जिल्ह्यात स्लोव्हेन आपोआप अल्पसंख्य! 1927 मध्ये ती पुन्हा उभी केली. सीमेच्या रेषेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला हा कागदी डाव अधिक बोलका वाटतो.

पॅरिसच्या तहानुसार 15 सप्टेंबर 1947 रोजी नवी सीमा अमलात आली. शहर इटलीत राहिले, बहुतेक मुलूख युगोस्लाव्हियात गेला. 1906 चे रेल्वे स्थानक तिकडे, समोरचा चौक दुभंगलेला. मिरेन गावी तर रेषा दफनभूमीतून गेली. पेठेला खेडी उरली नाहीत, खेड्यांना पेठ. इटलीने त्रिएस्तेकडचा मोन्फाल्कोनेचा भाग, तिथल्या जहाजबांधणी कारखान्यासह, गोरीत्सियाला जोडून जिल्हा सावरला. युगोस्लाव्हियाने 1948 पासून सीमेला लागून नवे शहरच वसवले, नोव्हा गोरित्सा.

13 ऑगस्ट 1950, रविवार. तिकडचे हजारो लोक पहाऱ्याला न जुमानता सीमा ओलांडून शहरात घुसले. तीन वर्षांत न दिसलेले नातलग भेटले, आणि मग खरेदी. तिकडे दुर्मीळ असलेल्या कितीतरी वस्तू घेतल्या गेल्या, पण लक्षात राहिले ते झाडू. संध्याकाळी माणसे झाडू घेऊन परतली. त्या दिवसाला आजही ‘झाडूंचा रविवार’ म्हणतात. तहाची कलमे वाचताना मला जे उमगले नव्हते, ते या झाडूंनी उमगले.

पुढचे थोडक्यात. 1975 च्या ओसिमो करारात सीमा कायम झाली, 2004 मध्ये चौकातले कुंपण निघाले, 2007 मध्ये तपासणीही थांबली. 2025 साली दोन्ही शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली.

प्रोविंचा तोवर उरलीच नव्हती. खर्चकपातीच्या लाटेत तिचे प्रशासन 30 सप्टेंबर 2017 रोजी बरखास्त झाले, या वेळी कोणतेही युद्ध न होता. मोटारींच्या पाट्यांवर मात्र ‘जीओ’ ही तिची दोन अक्षरे अजून आहेत.